मुक्कामाची बेरीज

भाऊबीज झाली की पाच रात्री.
शेठनी सुट्टी दिली ती मोजून,
यार्डात पोती मोजतात तशी.

ह्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं,
पाठकोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या.
वाई. पाचगणी. महाबळेश्वर. तापोळा. कास.
विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात
भेंडी पुसता पुसता मी ऐकत होते
घाट कसे चढायचे ते.

वाईला एक, म्हणाले.
वाईला कशाला रात्र? मेणवली दुपारी बघून होते.
बरं, मग पाचगणीला एक.
पाचगणीला एक म्हणजे
दोनला खोली मिळणार, सकाळी दहाला सोडायची,
मधे टेबललँडवर घोडेवाल्याशी घासाघीस.
ती रात्र कसली, ती पावती.

शिवाय आमचं जेवण दिवस मावळायच्या आत.
सगळं जग ज्या पॉइंटवर सूर्यास्त बघायला धावतं
तिथं आम्ही दशम्यांचा डबा उघडून
सूर्याशी शर्यत लावतो.
म्हणून हॉटेलवाल्याला माझा पहिला प्रश्न,
"साडेपाचला जेवण द्याल?"
तो म्हणतो, "चहा देऊ की."

अर्हता म्हणाली, जिथं रेंज येते तिथं तीन.
कासला आता फुलं नसणार, कास वाटेवरनं.

ह्यांच्या बोटांना बावीस वर्षांची हळद,
कितीही धुवा, नखांच्या कडेला राहतेच.
महाबळेश्वरवर बोट टेकून विचार करत बसले,
उचललं तर तिथं पिवळा डाग.
"इथं दोन," म्हणाले,
डागाला मान देऊन.

मी म्हटलं, एकाच जागी पाच करा ना.
बॅग एकदाच उघडायची.
साड्या खुंटीला, ब्रश पेल्यात,
चपला दाराशी अशा
की उद्याही त्या तिथंच असणार.
तापोळ्याला पाणी आहे, पलीकडं डोंगर आहे, बास.

"आणि बघायचं काय?"

ह्याला मला कधी उत्तर सुचत नाही.
सकाळी डोळे उघडावेत
आणि "किती वाजता निघायचं" असं कुणी विचारू नये,
हे बघण्यासारखं असतं का, माहीत नाही.
बघितलेलं नाही.

लग्नानंतर महाबळेश्वरला दोन रात्रींचे पैसे भरले होते.
दुसऱ्या दिवशी लॉजच्या काउंटरवर फोन आला,
मगदूमांना द्या. सौदे निघाले. निघून या.
मी नुकतीच न्हाऊन
गॅलरीत केस वाळवत बसले होते.
तशीच एस्टीत बसले.
साताऱ्यापर्यंत वाळले.
पैसे काही परत मिळाले नाहीत.
हे आम्ही पुढं कधी बोललो नाही,
भांडावं एवढं मोठं नव्हतं ते.

रात्री ओटा पुसताना बघितलं,
कागद फ्रिजला लावलेला.
पाचगणी एक. महाबळेश्वर दोन. तापोळा तीन.
मी बोटांवर मोजलं. परत मोजलं.
सहा.
पंधरा पैशांच्या फरकासाठी
दर मार्चला रात्र रात्र जागणारा हा माणूस.

तापोळ्याच्या तिनाला पेन्सिलीनं गोल,
आणि शेजारी बारीक अक्षरात,
खतावणीत लिहितात तसं,
मा. बा.

मागील बाकी.

मी दिवा घालवला, परत लावला,
कागद होता तसाच सरळ केला.
शेठना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील.

मग स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढली.
चेन निम्म्यावर अडकते.
तिला मेणबत्ती घासत बसले,
उगाच, अजून तीन आठवडे होते.